हळवं मन, आत्मशंका आणि विपश्यनेचे दहा दिवस: एक परीक्षण

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलंय. त्यातलं बरंचसं दोन टोकांचं आहे: कुणाचं आयुष्य पालटलेलं असतं, तर कुणाला तो तुरुंगवास वाटलेला असतो. अतिसंवेदनशील स्वभावाच्या आणि उठता बसता ‘मला हे जमणार नाही’ असं वाटणाऱ्या माणसाला या दोन्हींचा फारसा उपयोग नाही. त्याचे प्रश्न निराळे असतात. हॉलमध्ये आवाज किती असतो? रात्रीचं जेवण नसतं, मग झोप लागते का? आचार्यांसमोर बोलताना ततपप झालं तर? आणि एवढं करून ती शंका कमी होते का?

या प्रश्नांच्या नजरेतून केलेलं हे परीक्षण आहे. समोर इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र धरलं आहे. १९७६ पासून तिथे शिबिरं चालतात आणि सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं ते प्रमुख केंद्र आहे. पण शिबिराचा साचा सगळीकडे एकच असल्यामुळे पुणे, कोल्हापूर, नागपूर, नाशिक कुठेही गेलात तरी इथलं बहुतेक सगळं लागू पडेल.

मत आधीच सांगतो. संवेदनशीलतेशी जुळवून घ्यायला हे शिबिर फार चांगलं आहे. आत्मशंकेवर मात्र ते अर्धंच काम करतं, उरलेलं अर्धं आपल्याला बाहेर करावं लागतं. आणि ज्यांना शंकेने आधीच पार खाली ओढलं आहे, त्यांनी आधी समुपदेशकाकडे जावं, शिबिराचं नंतर बघावं.

शंका नेमकी कुठे तयार होते

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलेन एरन यांनी १९९० च्या दशकात अतिसंवेदनशील स्वभावाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. १९९७ मध्ये त्यांनी आणि आर्थर एरन यांनी २७ प्रश्नांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. झगमगीत प्रकाश आणि कर्कश आवाज सोसतात का, दुसऱ्यांच्या मनःस्थितीचा आपल्यावर परिणाम होतो का, भूक लागली की चित्त ठिकाणावर राहतं का, कुणी पाहत असलं की येत असलेलं कामही बिघडतं का, अशा स्वरूपाचे हे प्रश्न आहेत. हा आजार नाही. हा स्वभाव आहे आणि एरन यांच्या अंदाजाप्रमाणे १५ ते २० टक्के माणसांत तो असतो.

यातला शेवटचा प्रश्न आत्मशंकेच्या मुळाशी जातो. साहेब पाठीमागे उभे राहिले की छाती धडधडते, हात गार पडतात, शब्द सापडत नाहीत आणि रोजचं काम चुकतं. अशा माणसाचं मन प्रत्येक गोष्ट खोलवर घोळवणारं असतं, त्यामुळे तो प्रसंग रात्रभर पुन्हा पुन्हा फिरत राहतो. पहाटेपर्यंत निकाल लागतो: ‘माझ्यात कुवतच नाही.’ प्रसंग आणि निकाल यांच्या मधली पायरी, म्हणजे शरीरात उठलेलं काहूर, हिशेबातून गळून जाते. काम बिघडलं ते त्या काहुरामुळे, पण दोष लागतो कुवतीला.

शिबिराचा सगळा सराव या गळलेल्या पायरीवरच चालतो. हळव्या माणसाने तिथे जाण्याचं खरं कारण हेच.

दहा दिवसांत काय होतं

पहाटे ४ ला घंटा होते. साडेचारपासून रात्री नऊपर्यंत मिळून साडेदहा तासांच्या आसपास बैठक असते. त्यातल्या ८ ते ९, २:३० ते ३:३० आणि ६ ते ७ या तीन सामूहिक बैठका हॉलमध्येच कराव्या लागतात. बाकीच्यांपैकी काही वेळा आचार्यांच्या सूचनेप्रमाणे आपल्या खोलीत बसता येतं. आवाजाचा त्रास होणाऱ्यांनी ही सवलत जरूर वापरावी, मात्र खोलीत पाठ टेकली की झोप लागते हे लक्षात ठेवावं. धम्मगिरीच्या पॅगोडात एकट्याने बसण्याच्या लहान कोठड्या आहेत, त्यांना शून्यागार म्हणतात. मिळालं तर आवाजाला कंटाळलेल्या माणसाला ते वरदान वाटतं. बंद जागेत जीव घाबरत असेल तर तसं आधीच सांगून टाकावं.

पहिले साडेतीन दिवस आनापान असतं. श्वास येतोय, जातोय, फक्त जाणत राहायचं. लांब करायचा नाही, मोजायचा नाही, सोबत मंत्र नाही. क्षेत्र हळूहळू लहान होत जातं आणि शेवटी नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर एवढीच जागा उरते. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते. डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागावर मन न्यायचं, जी संवेदना असेल ती जाणायची, सुखद असो वा दुःखद, तिच्यावर प्रतिक्रिया करायची नाही. खाज, मुंग्या, धडधड, ताण, काहीही. ती उठते, राहते, जाते.

इथे हळव्या माणसाला एक गोष्ट स्वतःच्या अंगावर कळते. कार्यालयात ज्या धडधडीने त्याचा घात केला, तीच धडधड इथे बंद डोळ्यांनी, कुणी न पाहता, कितीतरी वेळा येऊन जाते. काही क्षणांनी ती ओसरते. तिच्या मागे ‘मी नालायक’ हा निकाल आपोआप यायलाच हवा असं काही नाही, हे पुस्तक वाचून पटत नाही. एवढ्या तासांच्या सरावाने ते बऱ्याच जणांना पटतं.

सहाव्या दिवसाच्या प्रवचनात साधनेतल्या पाच अडथळ्यांची चर्चा येते: आसक्ती, द्वेष, आळस, अस्वस्थता आणि शंका. शंका तीन प्रकारची सांगितली आहे: गुरूवरची, पद्धतीवरची आणि स्वतःला हे जमेल का याची. अतिसंवेदनशील माणसाची शंका बहुतेक वेळा तिसऱ्या प्रकारची असते, पण ती पहिल्या दोन्हींचं सोंग घेऊन येते. ‘ही पद्धत माझ्यासाठी नाही’ असं ठामपणे वाटू लागलं की आदल्या दोन तासांत आपण स्वतःबद्दल काय ठरवलं ते आधी तपासावं. हा सहावा दिवस फार मोक्याचा आहे. सोडून जाण्याची ओढ अनेकांना याच सुमारास सर्वांत जास्त असते.

संवेदनशील माणसाचं कुठे आणि का बिघडतं

पहिले दोन दिवस मन नव्हे, पोट आणि डोकं छळतं. ११ ला जेवण होतं, नव्या साधकाला संध्याकाळी ५ ला चहा आणि फळ किंवा चुरमुऱ्यासारखं हलकं काही मिळतं, त्यानंतर सकाळपर्यंत काही नाही. भुकेने बेचैन होणाऱ्याला ही बेचैनी ‘साधना जमत नाही’ अशी वाटते. उपाय साधा आहे. ११ च्या जेवणात डाळ-उसळ पोटभर घ्यावी आणि ५ चं खाणं चुकवू नये. पूर्वी शिबिर केलेले जुने साधक संध्याकाळी फक्त लिंबूपाण्यावर राहतात, त्यांचं पाहून पहिल्याच खेपेला तसं करण्याचा मोह टाळावा. मधुमेह किंवा गर्भारपण असेल तर अर्जातच लिहावं, वेगळी सोय विचारता येते. दिवसाला चार-पाच कप कॉफी पिणाऱ्यांनी दोन आठवडे आधीपासून दर तीन दिवसांनी एक कप कमी करत यावं. नाहीतर दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी निव्वळ कॅफीन तुटल्याची असते आणि तिच्यावर नको तेवढं तत्त्वज्ञान खर्ची पडतं.

हॉलमधल्या शांततेविषयी गैरसमज नको. बोलणं नसतं, आवाज असतात. ढेकर, खोकला, कुणाचं हुंदके देणं, शेजारच्याचा जोरात चालणारा श्वास. पावसाळ्यात इगतपुरीत सर्दी-खोकल्याची त्यात भर पडते. हॉलमध्ये कानात बोळे घालू नयेत, त्याने आतलेच आवाज मोठे होतात. रात्री झोपताना मात्र ते जरूर वापरावेत, कारण खोलीत घोरणारा जोडीदार असू शकतो. बसायला भिंतीची किंवा कडेची जागा हवी असेल, गुडघ्यांसाठी खुर्ची हवी असेल, तर पहिल्याच दिवशी धम्मसेवकाला, म्हणजे शिबिराची व्यवस्था पाहणाऱ्या स्वयंसेवकाला, सांगावं. संकोचाने गप्प राहणं हीच या स्वभावाची खोड आहे आणि शिबिरात तिची किंमत रोज दहा तास मोजावी लागते. एक दिलासा मात्र पक्का आहे: अत्तर, उदबत्ती, दागिन्यांची किणकिण, मोबाईल यांपैकी तिथे काहीही नसतं.

अधिष्ठानाच्या बैठका चौथ्या-पाचव्या दिवसापासून सुरू होतात. तासभर हात-पाय न हलवता आणि डोळे न उघडता बसायचं. आत्मशंका असणारा माणूस याची ताबडतोब परीक्षा करून टाकतो. दात आवळतो, खांदे वर चढवतो, पन्नासाव्या मिनिटाला पाय हलला की नापास. सूचना तशी नाही. वेदना असह्य झाली तर सावकाश आसन बदलावं, पुढच्या वेळी कमी वेळा बदलायचा प्रयत्न करावा. जबडा सैल आहे का, जीभ टाळूला दाबलेली नाही ना, हे दर दहा-पंधरा मिनिटांनी पाहिलं तर निम्मा ताण तिथेच उतरतो.

सर्वांत फसवी अडचण पाचव्या ते आठव्या दिवसांत येते आणि ती खास हळव्या माणसांची आहे. सूक्ष्म जाणण्याची सवय असल्यामुळे अशांना संवेदना लवकर कळतात. कधी अख्ख्या अंगातून एकसंध, हलका प्रवाह वाहतो. फार सुंदर वाटतं. दुसऱ्या दिवशी तो नसतो, शरीर जड लाकडासारखं वाटतं आणि जुना निकाल हजर होतो: ‘हातात आलेलंही मला टिकवता येत नाही.’ इथे मोजमापच चुकलेलं असतं. प्रगती कोणती संवेदना आली त्यावर मोजायची नसते. आलेल्या संवेदनेशी समतोल किती राहिला, तेवढंच पाहायचं. प्रवचनांत हे वारंवार सांगतात, तरी ऐकताना सुटून जातं.

आचार्यांशी भेट हा आणखी एक नाजूक भाग. दर एक-दोन दिवसांनी साधकांना गटाने पुढे बोलावून ‘संवेदना कळतात का?’ एवढंच विचारतात. चारजणांसमोर बोलायचं म्हटल्यावर जीभ अडखळते, मग ‘हो’ म्हणून माणूस सुटका करून घेतो आणि खरी अडचण मनातच राहते. त्यापेक्षा दुपारी १२ ते १ मधली खासगी भेट घ्यावी, त्यासाठी सेवकाकडे नाव द्यावं लागतं. भेट जेमतेम पाच मिनिटांची असते, म्हणून प्रश्न एका वाक्यात तयार ठेवावा. ‘मी बरोबर करतोय का?’ हा प्रश्न टाळावा. त्याला ‘हो, करत राहा’ एवढंच उत्तर मिळतं आणि शंका तासाभरात परत येते. ‘छातीत धडधड होते तेव्हा तिथे थांबू की पुढच्या भागावर जाऊ?’ असं विचारलं तर करण्याजोगं उत्तर मिळतं.

दहाव्या दिवशी सकाळी मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याची साधना, शिकवल्यावर मौन सुटतं आणि एकदम बाजार भरल्यासारखा कल्लोळ होतो. सगळेजण आपापले अनुभव सांगू लागतात, प्रत्येकाचा आपल्यापेक्षा भारी वाटतो. नऊ दिवसांनी ताज्या झालेल्या मज्जासंस्थेवर हा भडिमार फार होतो. पहिला अर्धा तास गर्दीपासून लांब चालून यावं, मग दोन-तीन जणांशीच बोलावं. अनुभवांची तुलना त्या दिवशी केली तर दहा दिवसांचं काम एका दुपारीत विस्कटतं.

जे शिबिरात मिळत नाही

गोएंका ब्रह्मदेशातल्या मंडालेचे, जन्म १९२४ चा. अर्धशिशीने बेजार होऊन १९५५ मध्ये ते तिथले विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा फक्त डोकेदुखी घालवायची असेल तर शिकवणार नाही असं ऊ बा खिन यांनी सांगितलं. चित्तशुद्धीसाठी या, दुखणं गेलं तर तो आनुषंगिक लाभ, असा त्यांचा आग्रह होता. आजही शिबिराचा पिंड तोच आहे. सहायक आचार्य साधना शिकवतात, समुपदेशन करत नाहीत. तुमच्या बालपणी कुणी ‘अगदीच रडूबाई’ म्हणून हिणवलं, त्याची उकल इथे होणार नाही. लिहिण्या-वाचण्यालाही मनाई असल्यामुळे विचार कागदावर उतरवून मोकळे होण्याची सवय असणाऱ्यांची सुरुवातीला घुसमट होते.

त्यामुळे ‘मी अपात्र’ या समजुतीच्या मजकुरावर वेगळं काम लागतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्यासाठी उत्तम आणि ती मराठीत सहज मिळते. ठाण्याच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारख्या संस्थेने ती कित्येक वर्षं सोप्या भाषेत लोकांपर्यंत नेली आहे. घरच्या घरी सुरुवात करायची तर शिबिराच्या दोन आठवडे आधीपासून रोज रात्री दहा मिनिटं, एकच प्रसंग, चार रकाने. पहिल्यात घटना, कॅमेऱ्याने टिपावी तशी. दुसऱ्यात शरीरात काय झालं. तिसऱ्यात मनाने लावलेला निकाल, शब्दशः. चौथ्यात त्या निकालाच्या बाजूचे आणि विरोधातले पुरावे.

उदाहरणार्थ, बैठकीत बोलताना आवाज कापला. घसा कोरडा, कान गरम. निकाल ‘मला चारचौघांत बोलता येत नाही’. पुरावा असा की चारपैकी तीन मुद्दे मांडून झाले आणि दोन प्रश्नांना उत्तरं दिली. बहुतेकांचं चुकतं ते चौथ्या रकान्यात. ‘मला लाज वाटली’ असं तिथे लिहितात. लाज ही दुसऱ्या रकान्यातली गोष्ट आहे, पुरावा नाही. दुसरा रकाना वगळण्याचीही सवय असते, आणि शिबिरात नेमकं त्याच रकान्याचं प्रशिक्षण मिळतं. वही आणि शिबिर एकमेकांना पूरक आहेत ते असे. दहा दिवसांनंतर वही पुन्हा सुरू केली की शरीराचा रकाना पूर्वीपेक्षा कितीतरी तपशिलाने भरता येतो.

कुणी जाऊ नये

हे स्पष्ट लिहिणं गरजेचं आहे. सध्या खोल नैराश्य असेल, पॅनिकचे झटके येत असतील, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, मनोविकृती किंवा द्विध्रुवी विकाराचा इतिहास असेल, नुकताच मोठा आघात झाला असेल, तर आत्ता जाऊ नये. जेरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांच्या गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ध्यानातून भीती, अस्वस्थता, झोप उडणं असे त्रास झालेल्या साधकांची तपशिलाने नोंद आहे. अर्जात मानसिक आरोग्य आणि औषधांबद्दल विचारतात, तिथे खरं लिहावं. नकार मिळेल या भीतीने लपवणं धोक्याचं, आणि प्रवेश मिळावा म्हणून मानसोपचाराची गोळी परस्पर बंद करणं त्याहून धोक्याचं. मन फार खाली गेलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे.

शिबिर चालू असताना वादळ उठलं तर डोळे उघडावेत, तळपाय आणि तळहात यांच्याकडे लक्ष आणावं, अंगाचं निरीक्षण थांबवून श्वासावर यावं, थोडं चालावं आणि त्याच दिवशी आचार्यांना सांगावं. पूर्ण दहा दिवस थांबण्याची हमी आधी घेतात आणि ती योग्यच आहे. तरीही प्रकृती खरोखर बिघडत असेल तर बाहेर पडण्याला अपयश म्हणू नये.

नोंदणी, ऋतू, खर्च

नोंदणी धम्म डॉट ऑर्गवर होते. स्त्रिया आणि पुरुष यांच्या जागा वेगळ्या मोजल्या जातात आणि सुट्ट्यांतल्या तारखा पटकन भरतात. प्रवेशाचं उत्तर आल्यावर येणार असल्याचं वेळेत कळवावं लागतं. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजेची तरतूद आहे, अटी आपल्या आस्थापना शाखेत विचाराव्यात.

धम्मगिरी मोठं केंद्र आहे, गर्दीही मोठी. गर्दीने थकणाऱ्याने पहिल्या खेपेला लहान केंद्र निवडावं असं आमचं ठाम मत आहे. इगतपुरीच हवं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. जुलै-ऑगस्टमधला पाऊस देखणा असतो, पण कपडे वाळत नाहीत आणि ओलसर कपड्यांचा त्रास होणाऱ्या त्वचेला दहा दिवस लांब वाटतात. सैल सुती कपड्यांचे पुरेसे जोड, न सळसळणारी शाल, पायमोजे, विजेरी, छत्री आणि सवयीची उशी न्यावी.

शुल्क शून्य. राहणं आणि जेवण आधीच्या साधकांच्या दानातून चालतं आणि शिबिर पूर्ण केल्यावरच दान देता येतं. किती द्यावं या विचाराने हळवी माणसं दहावी रात्र जागून काढतात. आकडा घरूनच ठरवून निघावं.

अकराव्या दिवशी सकाळी साडेसातच्या आसपास सुटका होते. तेव्हा कसाऱ्याहून गच्च लोकलने मुंबई गाठू नये. आरक्षित गाडीने किंवा नाशिकला नातेवाईक असतील तर एक मुक्काम करून परतावं. पुढचे दोन-तीन दिवस लग्नकार्य, मॉल, नोकरी सोडण्याचे निर्णय यांना हात लावू नये.

रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावं अशी परंपरेची अपेक्षा आहे. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास यांत ती बहुतेकांकडून महिन्याभरात सुटते आणि न बसल्याची अपराधी भावना शंकेच्या खात्यात जमा होते. आधी सकाळचा एकच तास पक्का करावा, रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं श्वास पाहावा. आठवड्यातून एकदा गावातल्या सामूहिक साधनेला जावं, बऱ्याच शहरांत ती कुणाच्या घरी किंवा केंद्रात होते. दहा दिवसांचं शिबिर केलेल्यांसाठी गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडात एकदिवसीय शिबिरंही होतात. तिथे कुणाला काही सांगावं लागत नाही, कुणी काही विचारत नाही. शेजारी माणसं असतानाही अंगातलं काहूर उठून ओसरतं, याचा सराव घरी एकट्याने बसून होत नाही, आणि कार्यालयातल्या बैठकीत लागतो तो हाच.